मुलगी गणितात ‘स्लो’ आहे म्हणून?

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘‘हिला सायन्सला घालायचंय, पण मॅथ्स नको. बायो घेऊ दे. गणितात जरा स्लो आहे हो ती!’’ मी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे मला ते जरा जास्तच ऐकावं लागतं. मुलगी बाजूला गप्प उभी असते. मुलगा असला की मात्र तोच स्लोपणा ‘अभ्यास करत नाही मेला, क्लास लावा’ असा होतो आणि फीसुद्धा मुकाट्यानं भरली जाते! अकरावीला गणित सुटलं की इंजिनीअरिंग, स्टॅटिस्टिक्स अशा कितीतरी वाटा बंद होतात आणि पुढे त्या उघडणं फार अवघड जातं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला हे सांगायचं कुणी?

मैत्रिणींनो, अशा वेळी मला मंगला नारळीकर आठवतात. जयंत नारळीकरांच्या पत्नी म्हणून त्या बहुतेकींना माहीत. पण लग्नाआधीच, १९६४ साली, त्या मुंबई विद्यापीठात गणित घेऊन एम. ए.ला पहिल्या आल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामही सुरू झालं होतं. १९६६ मध्ये लग्न, मग केंब्रिज, मग परत मुंबई. तीन मुली, घरात सासू-सासरे. पीएच. डी. हाती आली ती १९८१ मध्ये. म्हणजे एम. ए.नंतर तब्बल सतरा वर्षांनी! आधी घर, मग गणित, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणानं लिहून ठेवलंय. हे वाचताना रुखरुख लागतेच. पण मधल्या काळात त्यांनी गणित टाकून दिलं नाही, याचं मला जास्त अप्रूप वाटतं. पुढे त्यांनी शिकवलं, ‘गणितगप्पा’, ‘गणिताच्या सोप्या वाटा’ अशी पुस्तकं लिहिली. २०२३ मध्ये त्या गेल्या.

२०१९ चा गदारोळ आठवतो ना? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असं आलं आणि टीकेची झोड उठली. विधानसभेतसुद्धा त्यावर विनोद झाले. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताईच होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो आणि म्हणताना पाच आधी म्हणतो. त्यात पुन्हा जोडाक्षरं. लहान मूल गोंधळणारच. कानडी, तेलुगूत दहाई आधी म्हणतात. खरं सांगते, मला आपली ‘त्र्याहत्तर’, ‘अठ्ठ्याऐंशी’च गोड वाटतात. पण ‘त्र्याहत्तर’ ऐकून ३७ लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघते, त्यामुळे बाईंचा मुद्दा मला पटला होता. मूल अडखळतं भाषेशी आणि शिक्का बसतो गणितात कच्चं असल्याचा.

हा शिक्का इराणच्या मरियम मिर्झाखानीवरही बसला होता. १९७७ मध्ये तेहरानमध्ये जन्मलेली ही मुलगी शाळेत असताना तिच्या गणिताच्या शिक्षकांना ती काही खास हुशार वाटली नाही. झालं, पोरीचा गणितातला रसच गेला. नशिबानं पुढच्या वर्षी शिकवणारे बदलले, त्यांनी धीर दिला आणि गाडी रुळावर आली. १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं. दुसऱ्या वेळी तर पैकीच्या पैकी गुण! २०१४ मध्ये तिला फील्ड्स पदक मिळालं. १९३६ पासून दिला जाणारा गणितातला हा सर्वोच्च सन्मान तोवर एकाही बाईला मिळाला नव्हता. (दुसरी बाई युक्रेनची मरिना व्याझोव्स्का, २०२२ मध्ये.)

आणि गंमत म्हणजे मरियम स्वतःला ‘स्लो’च म्हणवून घ्यायची. एकेका प्रश्नाशी वर्षानुवर्षं झटत बसायची. २०१७ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कर्करोगानं ती गेली. घरी जमिनीवर मोठमोठे कागद पसरून ती वाकडेतिकडे आकार पुन्हा पुन्हा काढायची, बाजूला सूत्रं लिहायची. तिच्या छोट्या लेकीला वाटायचं, आई चित्रं रंगवतेय.