सवयीची घडण आणि गाडगेबाबांचा खराटा

मनुष्याचा दिवस पाहूं गेल्यास त्याचा बहुतेक भाग सवयीच्या बळावर चालतो. वऱ्हाडांतील एखाद्या खेड्यांत पहांटे गृहिणी उठते, अंगण झाडते, सडा टाकते आणि मगच चुलीकडे वळते. हें करतांना तिला कोणताहि निश्चय करावा लागत नाहीं, कीं कोणाचा उपदेश आठवावा लागत नाहीं. परंतु त्याच अंगणांतला केर बाहेरच्या रस्त्यावर लोटला जातो, आणि रस्ता झाडण्याची सवय मात्र गांवांत कोणालाच नसते. जो हात अंगण स्वच्छ करतो तोच हात रस्ता घाण करतो, याचें कारण काय? हात आळशी नाहीं, हें तर उघडच आहे. अंगण आपलें आणि रस्ता कोणाचाच नाहीं, असा एक न तपासलेला विचार या सवयीच्या मुळाशीं दडलेला आहे. म्हणून नवी सवय लावावयाची तर हातालाहि वळण द्यावें लागतें आणि विचारालाहि. हीं दोन्ही कामें एकाच वेळीं कशीं साधावींत, याचा उत्तम पाठ अमरावती जिल्ह्यांतील एका शाळा न शिकलेल्या पुरुषानें घालून दिला. त्यांचें नांव डेबूजी झिंगराजी जानोरकर. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखतात.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं शेंडगांव येथें एका परीट कुटुंबांत झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायीं अकालीं गेले. लहानग्या डेबूजीला घेऊन आई सखुबाई मूर्तिजापुराजवळील दापुरें या आपल्या माहेरगांवीं आल्या. तेथें मामांच्या शेतांत गुरें राखणें, नांगर धरणें, पेरणी करणें यांत डेबूजींचें बालपण गेलें. पुढें मामांची जमीन सावकाराच्या व्यवहारांत सांपडली. कागदावर काय लिहिलें आहे हें ज्याला वाचतां येत नाहीं, त्याचा अंगठा त्याचेंच शेत कसें घालवितो, हें त्या मुलानें डोळ्यांनीं पाहिलें. अशा रीतीनें एका सवयीनें वडील नेले आणि दुसरीनें शेत नेलें. पहिली सवय दारूची, आणि दुसरी न विचारतां अंगठा उठविण्याची. या दोन सवयी एरव्हीं निराळ्या दिसतात; पण दोहोंतहि मनुष्य क्षणभर थांबून स्वतःला प्रश्न विचारीत नाहीं.

डेबूजींनीं रूढीला पहिला धक्का दिला तो स्वतःच्याच घरीं. त्या काळीं जातभाईंच्या चालीप्रमाणें बारशाच्या जेवणांत मांस व दारू लागत असे. आपल्या मुलीच्या बारशाला डेबूजींनीं हे दोन्ही पदार्थ वर्ज्य केले आणि पाहुण्यांना गोडाचें जेवण घातलें. या प्रसंगांतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं बारसें बंद केलें नाहीं, पंगत मोडली नाहीं, कीं आप्तांना घरीं परत पाठविलें नाहीं. आनंदाचा प्रसंग, माणसांची गर्दी आणि पानांची मांडणी तशीच ठेवून केवळ पानावरचा पदार्थ त्यांनीं बदलला. जुनी सवय उपटून काढली आणि तिची जागा मोकळीच राहिली, तर तेथें तीच सवय पुन्हां उगवते, हा शेतकऱ्याच्या नित्य अनुभवाचा नियम त्यांनीं समाजाला लावला. मोकळ्या वाफ्यांत तण माजतें. पीक उभें असलें म्हणजे तणाला वाव कमी मिळतो.

१९०५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, एका हातांत मातीचें फुटकें गाडगें व दुसऱ्या हातांत खराटा, एवढाच त्यांचा संसार. नव्या गांवांत पाऊल टाकलें कीं ते रस्ते व गटारें झाडूं लागत आणि सायंकाळीं त्याच गांवांत कीर्तन करीत. या क्रमाला फार महत्त्व आहे. आधीं उपदेश आणि मग कृति असा क्रम असतां, तर ऐकणाऱ्यांनीं मान डोलावून घर गांठलें असतें. परंतु एक अनोळखी मनुष्य आपल्याच दारापुढचा केर उचलीत आहे, हें दृश्य पाहणाऱ्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. शिवाय खराट्याला पैसा लागत नाहीं, परवानगी लागत नाहीं, आणि तो प्रत्येक घराच्या कोपऱ्यांत ठेवलेलाच असतो. नवी सवय लावूं इच्छिणाऱ्यानें पहिलें पाऊल इतकें लहान ठेवावें कीं तें न टाकण्याला सबबच उरूं नये, हें तत्त्व बाबांनीं खराट्याच्या रूपानें लोकांच्या हातीं दिलें.

हाताला असें काम दिल्यावर सायंकाळचें कीर्तन विचाराला हात घाली. कीर्तनाची संस्था महाराष्ट्राला जुनी आहे; परंतु बाबांनीं तिचा उपयोग अगदीं नव्या तऱ्हेनें केला. शास्त्रार्थ सांगण्याऐवजीं ते वऱ्हाडी बोलींत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. देवाला आंघोळ कोण घालतो, त्याला धोतर कोण नेसवितो, त्याच्यापुढचा नैवेद्य कुत्र्यानें खाऊं नये म्हणून काठी घेऊन कोण बसतो, असे ते प्रश्न असत. श्रोता हंसत हंसत उत्तर देई आणि उत्तर देतां देतांच आपल्या समजुतीपाशीं येऊन थबके. दुसऱ्यानें दिलेलें उत्तर मनुष्य सहज विसरतो. स्वतःच्या तोंडून निघालेलें उत्तर त्याला टाकतां येत नाहीं. कर्ज काढून सण करूं नका, जेवणाचें ताट मोडावें लागलें तरी चालेल पण मुलांना शिकवा, हा त्यांचा उपदेश या प्रश्नांच्या मागून येई, म्हणून तो रुजत असे. नवा विचार म्हणजे कांहीं अलौकिक प्रतिभा असावीच लागते असें नाहीं. नेहमींच्या वस्तूकडे व नेहमींच्या चालीकडे नव्या प्रश्नानें पाहणें, एवढेंहि त्याला पुरतें. गाडगें, खराटा आणि कीर्तन यांपैकीं एकहि गोष्ट बाबांनीं निर्माण केलेली नव्हती. त्यांची योजना मात्र सर्वस्वीं त्यांची होती.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे अमेरिकेंत विल्यम जेम्स नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें सवयीचा शास्त्रीय विचार केला होता. १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत त्यानें कांहीं नियम सांगितले आहेत. नव्या सवयीचा आरंभ जोरानें करावा, ती पक्की होईपर्यंत अपवाद होऊं देऊं नये, आणि निश्चय केल्यावर कृतीची पहिली संधि दवडूं नये, असा त्यांचा आशय आहे. सूत गुंडाळतां गुंडाळतां गुंडा हातांतून एकदां निसटला तर पुष्कळ वेढे उलगडतात, तसाच एका अपवादाचा परिणाम होतो, असें तो म्हणतो. कपाशीच्या मुलुखांत हा दाखला वेगळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

तथापि अलीकडच्या संशोधनानें जेम्सच्या कडक नियमाला थोडी मुरड घातली आहे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ व्यक्तींना रोजच्या ठराविक प्रसंगाला जोडून एक लहानशी नवी कृति १२ आठवडे करावयास सांगितली. उदाहरणार्थ, दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खाणें. या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० सालीं छापून आला. कृति आपोआप घडूं लागण्यास सामान्यतः ६६ दिवसांच्या आसपास लागतात, असें त्यांत दिसून आलें. परंतु कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतींत तो अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. २१ दिवसांत कोणतीहि सवय जडते, ही लोकप्रिय समजूत यामुळें टिकत नाहीं. त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट ही कीं, मध्येंच एखादा दिवस चुकला तरी एकंदर प्रगतीला विशेष बाध येत नाहीं. जो चुकलेल्या दिवसाचा शोक करीत बसतो त्याची सवय मोडते. जो दुसऱ्या दिवशीं पुन्हां खराटा उचलतो त्याची टिकते.

सवय टिकण्यास ठराविक वेळ आणि सोबत यांचीहि मोठी मदत होते. याचेहि दाखले अमरावतीच्या परिसरांतच आहेत. १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें आखाड्याच्या मातींत मुलांना नियमितपणाचें वळण लावलें, आणि १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगीं या मंडळाच्या पथकानें भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. मोझरी येथील गुरुकुंज आश्रमांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं सामुदायिक प्रार्थनेचा नित्यक्रम घालून दिला. एकट्यानें पहांटे उठणाऱ्याला आळस गांठतो. पण शेजारी वाट पाहत आहे हें ठाऊक असलें म्हणजे पाय आपोआप अंथरुणाबाहेर पडतात.

आतां एक कठीण प्रश्न उरतो. बाबा गांवांतून निघून गेले कीं खराटा पुन्हां कोपऱ्यांत जात नसेल काय? पुष्कळ ठिकाणीं तो गेलाहि असेल. परंतु बाबांनीं केवळ व्यक्तीच्या उत्साहावर भिस्त ठेवली नाहीं. लोकांनीं दिलेल्या पैशांतून त्यांनीं ऋणमोचन येथें पूर्णा नदीवर घाट बांधला, पंढरपूर येथें चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि आळंदी, नाशिक अशा क्षेत्रांच्या ठिकाणींहि धर्मशाळा उभारल्या. ज्याला निवारा आहे त्यालाच स्वच्छ राहतां येतें, ज्याला शाळा आहे त्यालाच कागद वाचतां येतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. सवय ही एकट्या मनुष्याच्या निर्धारावर उभी राहत नाहीं. तिला भोंवतालच्या व्यवस्थेचा आधार लागतो. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांवच्या वाटेवर पेढी नदीपाशीं बाबांनीं देह ठेवला. २०००-०१ पासून राज्य सरकारनें त्यांच्या नांवानें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें, आणि १९८३ सालीं स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठालाहि पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें. शाळेंत न गेलेल्या पुरुषाचें नांव विद्यापीठाला मिळावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

परंतु नांव देणें सोपें असतें आणि सवय लावून घेणें अवघड असतें. जयंतीच्या दिवशीं हातीं खराटा घेऊन छायाचित्र काढवून घेणें हा उत्सव झाला. दुसऱ्या दिवशीं कोणी पाहत नसतांना तोच रस्ता झाडणें ही सवय होय. ज्या गृहस्थाला आपल्या जीवनास वळण लावावयाचें असेल त्यानें मोठे संकल्प सोडण्याऐवजीं एकच लहान कृति निवडावी आणि ती रोजच्या एखाद्या पक्क्या प्रसंगाला बांधून टाकावी. सकाळचा चहा झाला कीं दारापुढचा रस्ता झाडावा. रात्रीं जेवण झालें कीं दिवसाचा खर्च वहींत लिहावा. कागदावर सही करण्यापूर्वीं तो एकदां मोठ्यानें वाचावा. यांतली शेवटची सवय दापुऱ्याच्या त्या घराला असती, तर एक शेत वांचलें असतें. कृति चालू असतांनाच, आपण हें कशासाठीं करीत आहों, हा प्रश्नहि स्वतःस विचारीत जावा. प्रश्नावांचून चालणारी सवय आंधळी होते आणि सवयीवांचून राहिलेला प्रश्न पांगळा होतो. खराटा आणि प्रश्न हीं दोन्ही साधनें बाबांनीं लोकांच्या हातीं दिलीं आहेत. तीं उद्यां सकाळीं उचलावयाचीं कीं नाहींत, एवढेंच ज्यानें त्यानें ठरवावयाचें आहे.