घरच्या घड्याळातले तास

व्हिडिओ गेम घडविणाऱ्या मंडळींच्या तोंडी ‘क्रंच’, म्हणजे मुदत गाठण्यासाठी जादा तास राबणे, हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी ‘सुगी’ यावा तितक्या सहजतेने येतो. परंतु सुगी ऋतूने नेमून दिलेली असते, आणि क्रंच माणसांनी माणसांवर लादलेला असतो. खेळाची तारीख महिनोन्‌महिने आधी जाहीर होते, जाहिरातींचा पैसा तिच्या भरवशावर खर्ची पडतो, नाताळची विक्री हातची जाऊ नये म्हणून ती अढळ मानली जाते. आणि इकडे खेळ खेळून पाहिल्यावाचून तो रंगला की नाही हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे, केलेले काम मोडून पुन्हा करावे लागते. अशा वेळी ताणता येण्याजोगी एकच वस्तू उरते, ती म्हणजे कामगाराचा दिवस. १९८२ साली अटारी कंपनीने ‘ई.टी.’ चित्रपटावरील खेळ नाताळपूर्वी विक्रीस यावा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरला अवघे पाच आठवडे दिले होते, इतकी ही रीत जुनी आहे.

या रीतीचा जाब जगासमोर विचारला तो मात्र घरी वाट पाहत बसणाऱ्या एका स्त्रीने. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीच्या एका नोकराच्या वाग्दत्त वधूने इंटरनेटवर निनावी पत्र प्रसिद्ध केले. एरिन हॉफमन हे तिचे नाव २००६ साली उघड झाले. प्रथम आठवड्याचे सहा दिवस आठ तास, मग सहा दिवस बारा तास, आणि अखेर सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत सातही दिवस, अशी ती चढती भाजणी तिने मांडली आहे. आठवड्याची बेरीज पंच्याऐंशी तासांवर जात होती, आणि एखाद्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुटका झाली तर ती मेहेरबानी. जादा कामाचा मोबदला नाही, बदली रजा नाही. मला सर्वांत विदारक वाटते ते हे की, काम मुदतीच्या मागे पडलेलेच नव्हते. पुढची मोठी धावपळ टळावी म्हणून आताच थोडे अधिक करा, असे सांगून ही वेठ सुरू झाली होती. तो माणूस रात्री डोकेदुखी आणि बिघडलेले पोट घेऊन घरी येत होता, आणि त्याच्या तासांची नोंद ठेवणारे घराबाहेर कोणी नव्हते.

कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्याने दिवसाच्या आठ तासांवरील कामास दीडपट वेतन ठरविलेले असले, तरी व्यावसायिक आणि कलावंत दर्जाचे पगारदार त्यातून वगळलेले आहेत, आणि खेळातील चित्रे रंगविणारे व प्रोग्राम लिहिणारे त्याच सदरात घातले जात. हे सदर आम्हांस लागूच पडत नाही, असा त्यांचा दावा होता. २००५ साली चित्रकारांच्या दाव्यात कंपनीने १ कोटी ५६ लाख डॉलर, आणि २००६ साली प्रोग्रामरांच्या दाव्यात १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

तरीही जानेवारी २०१० मध्ये रॉकस्टार सॅन डिएगो या खेळ घडविणाऱ्या संस्थेतील कर्मचाऱ्यांच्या पत्नींना, ‘रेड डेड रिडेम्पशन’ हा खेळ पुरा होत असताना, तसेच खुले पत्र लिहावे लागले. आवडीचे काम पत्करलेल्या माणसाने तास मोजू नयेत, ही समजूत या धंद्यात खोलवर मुरलेली आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. आवड त्या माणसाची असते, तिच्यावर मालकाचा हक्क कसा पोहोचतो?

वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने २०१९ साली जादा कामाची सक्ती करणार नाही असे जाहीर केले होते. परंतु तिच्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळाची तारीख २०२० मध्ये पुनःपुन्हा पुढे गेली आणि शरदात सहा दिवसांच्या आठवड्याचा हुकूम निघालाच. पोलंडच्या कायद्याप्रमाणे त्या तासांचे पैसे मिळत होते हे खरे, पण गेलेला शनिवार त्या पैशांनी मुलाबाळांना परत मिळत नाही. १० डिसेंबरला खेळ विक्रीस आला तो इतका सदोष निघाला की, आठवडाभरातच सोनी कंपनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो तिथे पुन्हा दिसला जून २०२१ मध्ये, आणि मधल्या सहा महिन्यांत वॉर्साच्या कचेरीत दुरुस्तीचेच काम चालले होते.