जुन्या ब्लेडची धार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुधारी ब्लेड म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची, दोन्ही लांब कडांना धार लावलेली पोलादाची पट्टी. किंग कॅम्प जिलेट यांना या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षात, त्यांच्या कंपनीचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. ‘जुनी पाती’ किंवा ‘व्हिंटेज ब्लेड’ म्हणतात ती कित्येक दशकांपूर्वी तयार झालेली, पण वेष्टनातून बाहेर न निघालेली पाती. मनोर, पालघर, बोईसर या पट्ट्यातही आजोबांच्या दाढीच्या डब्यात किंवा जुन्या दुकानाच्या फळीवर अशी पाकिटे निघतात. त्यांची तुलना तीन गोष्टींवर होते : धार किती तीक्ष्ण, गालावरून पाते किती सफाईने फिरते, आणि किती दाढ्या टिकते. या तिन्हींबद्दल ठाम मते खूप ऐकू येतात आणि त्यातली बरीच चुकीची असतात.

पाते जुने म्हणजे नेमके कधीचे, हे आधी ठरवावे लागते. भारतीय पाकिटावर त्याच्या खुणा सापडतात. किंमत आण्यांत असेल तर पाकीट १ एप्रिल १९५७ च्या आधीचे धरावे. ‘नये पैसे’ असतील तर ते १९५७ ते १९६४ या काळातले किंवा त्याच्या फार नंतरचे नसावे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. वेष्टनावर महिना-वर्ष छापण्याची सक्ती १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी आली. ‘बॉम्बे’ हे नाव १९९५ मध्ये बदलले. पालघरच्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कागदांवर या भागाचा जिल्हा ‘ठाणे’च दिसतो आणि सुपरमॅक्स पाती बनवणारी विद्युत मेटॅलिक्स ही कंपनीही ठाण्याचीच.

‘पूर्वीचे पोलाद अस्सल होते, म्हणून जुनी पाती सरस’

हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज. वास्तवात ‘जुनी पाती’ असा एकच गट नाही. साधारण १९६० च्या आसपास एक रेघ ओढावी लागते.

त्या रेघेच्या आधीची पाती साध्या कार्बन पोलादाची होती. त्यात कार्बन सुमारे १.२ टक्के असे. पोलाद कडक होई आणि त्याला धारही छान लागे. पण धारेवर कसलाच थर नसे, आणि पहिल्या दाढीनंतर ओले राहिलेले पाते रात्रीत गंजू लागे. त्या काळी लोक एका पात्यावर दोन-चार दाढ्या काढत आणि पुढे ते ओढू लागले की टाकून देत. १९६० मध्ये जिलेटने ‘सुपर ब्लू’ पात्याच्या धारेवर सिलिकोनचा थर दिला. पुढच्या एक-दोन वर्षांत इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस पोलादाचे, टेफ्लॉनच्या जातीच्या थराचे पाते बाजारात आणले. ते इतक्या जास्त दाढ्या टिकले की बाजार हलला. त्या थराच्या पेटंटचे हक्क जिलेटकडेच होते आणि विल्किन्सनला त्याबद्दल मोबदला द्यावा लागे. तरीही जिलेटचे स्वतःचे स्टेनलेस पाते १९६३ मध्येच आले. स्वतःच्याच पेटंटवर बसून राहिलेल्या कंपनीचे इतके ठसठशीत उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळाच.

म्हणून १९४५ चे पाते आणि १९७५ चे पाते यांना एकाच तागडीत टाकण्यात अर्थ नाही. पहिले संग्रहासाठी मोलाचे असेल, पण दाढीला ते आजच्या साध्या पात्यापुढे टिकत नाही. दुसरे मात्र नीट सांभाळलेले असेल तर आजच्या पात्याच्या तोडीचे निघू शकते. त्याचे कारण असे की तत्त्वतः ते तेच पाते आहे : सुमारे १३ टक्के क्रोमियम आणि पाऊण टक्क्याच्या आतबाहेर कार्बन असलेले पोलाद. ते जवळपास ११०० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड केले जाते आणि मग शून्याच्या बरेच खाली नेले जाते.

‘स्टेनलेस गंजत नाही’

गंजते, फक्त सावकाश. तारापूर एमआयडीसीच्या परिसरात पोलादाचे कारखाने आहेत, त्यामुळे तिथल्या लोकांना स्टेनलेसच्या जाती वेगळ्या सांगायला नकोत. भांड्यांसाठी नावाजलेल्या पोलादात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते गंजाला चांगले तोंड देते, पण तापवून-विझवून कडक होत नाही, म्हणून पात्याच्या कामाचे नाही. पात्याचे पोलाद कडक व्हावे म्हणून त्यात कार्बन घालावा लागतो. हा कार्बन काही क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो आणि गंज अडवायला उरणारे क्रोमियम कमी पडते. कडकपणाची ही किंमत आहे.

त्यामुळे जुन्या पाकिटाचे भवितव्य ते कुठे पडून होते यावर ठरते. तारापूर-चिंचणीच्या बाजूला हवेत समुद्राचे मीठ असते. मिठातला क्लोराइड पोलादावरचा संरक्षक पापुद्रा जागोजागी फोडतो. मनोर किनाऱ्यापासून बरेच आत आहे, तिथे खारेपणा कमी, पण पावसाळ्याची दमट हवा चार महिने असतेच. दर पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकलेले पाकीट आणि कपाटाच्या कोरड्या कप्प्यातले पाकीट यांत निर्मितीच्या वर्षापेक्षा मोठा फरक पडतो. मेणकागदाचे वेष्टन आणि त्याला लागलेले तेल पात्याला पुष्कळ सांभाळते. वेष्टनावर तपकिरी डाग उमटलेला दिसला, तर आतले पाते गेलेच समजावे. धारेचे टोक मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या घरातले असते. डोळ्यांना दिसणारा गंज तिथे पोहोचला असेल तर धार केव्हाच संपलेली असते.

टेफ्लॉनसारखा थर मात्र काळाने सहसा खराब होत नाही. तो इतर पदार्थांशी जवळपास प्रक्रियाच करत नाही. म्हणून बंद पाकिटातल्या १९७० च्या दशकातल्या पात्याची पहिली दाढी आजही सफाईदार होऊ शकते.

‘जितकी तीक्ष्ण, तितकी गुळगुळीत’

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तीक्ष्णता म्हणजे केस कापायला लागणारा जोर. तो मोजता येतो. ठरावीक धागा कापायला किती ग्रॅम भार लागतो हे सांगणारी एक मोजपट्टी आहे आणि तिच्यावर साधे दुधारी ब्लेड पन्नाशीच्या आसपास बसते. सफाई म्हणजे पाते कातडीवरून सरकताना होणारे घर्षण आणि धारेची एकसमानता. ती बरीचशी थरावर आणि पात्याच्या बारीकसारीक खाचांवर अवलंबून असते. जपानी फेदर पाती अतिशय तीक्ष्ण म्हणून प्रसिद्ध आहेत. पण नवशिक्याच्या हाती, जोराने दाबलेल्या रेझरमध्ये तीच पाती गाल लाल करून सोडतात. उलट कमी तीक्ष्ण पण उत्तम थराचे पाते मऊ दाढीवर लोण्यासारखे चालते आणि राठ दाढीवर ओढायला लागते. म्हणून एखाद्याने ‘हे सर्वांत गुळगुळीत’ म्हटले की ते त्याच्या दाढीचे आणि त्याच्या रेझरचे वर्णन असते, पात्याचे अर्धेच.

थर काढून टाकला की धार ‘मोकळी’ होते म्हणून काही जण नवे पाते बुचाच्या तुकड्यावरून ओढतात. प्रत्यक्षात त्यात पात्याची सफाई खरवडून निघते. केस कापणे सोपे करण्याचा साधा उपाय पाण्याचा आहे. भिजलेला केस कापायला कोरड्यापेक्षा बराच कमी जोर लागतो.

पाकिटावरच्या ‘प्लॅटिनम’ शब्दाचा दबदबाही असाच. धारेवरचा क्रोमियम-प्लॅटिनमचा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. तो धारेला बळकटी देतो आणि वरचा थर धरून ठेवतो. पाते त्यामुळे चांगले होते, पण मौल्यवान होत नाही.

‘पाते केस कापून कापून झिजते’

केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो, मग त्याने पोलाद झिजावे कसे? अमेरिकेतल्या एमआयटीमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे उत्तर दिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पात्याकडे पाहताना त्यांना धार सरसकट झिजलेली दिसली नाही, तर तिचे बारीक टवके उडालेले दिसले. केस वाकून धारेला तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची रचना असमान असली, की तिथे ताण साठतो आणि कपची निघते. म्हणजे पात्याचे आयुष्य पोलादाच्या एकजिनसीपणावर आणि दाढीच्या पद्धतीवर ठरते. निव्वळ कडक पोलाद म्हणजे जास्त टिकाऊ, ही समजूतही त्याबरोबर कोसळते.

कार्बन पात्यांच्या काळात एक घरगुती उपाय चालत असे : काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला पाते बोटाने दाबून मागेपुढे घासायचे. थर नसलेल्या पात्याची वाकलेली कड त्याने थोडी सरळ होई, एखादी दाढी वाढे. आजच्या थर दिलेल्या पात्यावर हाच प्रयोग थर ओरबाडतो. टॉवेलने पाते पुसणेही तसेच. पाण्याने धुऊन, झटकून, हवेवर वाळू द्यावे. आपल्या हातात असते ते एवढेच.

चेकोस्लोव्हाकियातल्या कारेल द्रबाल यांना १९५९ मध्ये पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली पाते ठेवून धार टिकवण्याचे पेटंट मिळाले आणि त्या कल्पनेचा जगभर गवगवा झाला. पेटंट मिळणे म्हणजे दावा सिद्ध होणे नव्हे. तुटलेली धार पिरॅमिडच्या सावलीत पुन्हा भरून येईल अशी कोणतीही प्रक्रिया पदार्थविज्ञानाला ठाऊक नाही. पाते कोरडे राहिले एवढा फायदा मात्र कुठल्याही कोरड्या जागी मिळाला असता.

सलूनमध्ये टिकाऊपणाचा हा हिशेबच उरत नाही. पाते मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्याच्या पकडीत बसवले जाते आणि एका गिऱ्हाइकानंतर ते फेकायचे असते. एचआयव्ही आणि कावीळ ब यांच्याबद्दलच्या जागृतीनंतर ‘नवे ब्लेड लावा’ हे वाक्य गिऱ्हाइकांच्या तोंडी बसले. तिथे पात्याकडून मागणी एवढीच : पहिल्याच फटक्याला साफ कापावे आणि स्वस्त पडावे.

‘नाव तेच, तर पाते तेच’

सेव्हन ओ’क्लॉक हे नाव इंग्लंडच्या, भारताच्या आणि रशियाच्या कारखान्यांतून निघालेल्या पात्यांवर छापले गेले आहे. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स या कंपनीने राजस्थानातल्या भिवाडीत जिलेटची पाती बनवायला घेतली. विल्किन्सन स्वोर्डचे नावही एकापेक्षा जास्त देशांत फिरले. दोन कारखान्यांत पोलादाची पट्टी, धार लावण्याचे कोन, थर आणि भट्टीचे तापमान वेगळे असू शकते. आयातीवर कडक निर्बंध होते तेव्हा परदेशी पात्यांचे अप्रूप वाढले आणि ‘मेड इन इंग्लंड’ हा गुणवत्तेचा दाखलाच बनला. त्यात काही तथ्य होते, पण सगळे नाही. म्हणून तुलना नावाची न करता नाव, देश आणि काळ या तिन्हींची करावी. तेवढे पाकिटावर मिळते.

‘गंजक्या पात्याने धनुर्वात होतो’

गंज धनुर्वात करत नाही. हा आजार क्लोस्ट्रिडियम टेटनाय या जिवाणूमुळे होतो आणि त्याची बीजे माती, शेण, धूळ यांत असतात. खोल जखमेत ती शिरली की धोका. गंजलेले पाते धोकादायक वाटते कारण ते बहुधा घाणीत पडलेले असते. चकचकीत पण मातीने माखलेले पातेही तितकेच घातक. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात घरी होणाऱ्या बाळंतपणांत नाळ नव्या, स्वच्छ ब्लेडने कापावी हा आग्रह यासाठीच धरला गेला, आणि लसीकरणाच्या जोडीने त्याचा परिणाम दिसला : २०१५ मध्ये भारत माता व नवजातांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. संग्रहातल्या जुन्या पात्याने कापले तर पात्याच्या रंगावरून अंदाज बांधू नये. जखम धुवावी आणि धनुर्वाताची लस कधी घेतली ते पाहावे.

जुनी पाती खरोखर तपासून पाहायची असतील तर पद्धत साधी आहे, पण शिस्त हवी. रेझर एकच ठेवावा, कारण पात्याचा कोन आणि रेझरची फट बदलली की तेच पाते वेगळे वागते. साबण, पाण्याचे तापमान आणि दाढीची वाढ शक्यतो तीच असावी. एका गालावर जुने पाते, दुसऱ्यावर नवे, आणि पुढच्या वेळी गाल बदलावेत. कोणते पाते कोणते हे दाढी करणाऱ्याला माहीत नसेल तर उत्तम, त्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणी पाते बसवून द्यावे. एका पाकिटातले एकच पाते पाहून निकाल देऊ नये, जुन्या मालात पात्यागणिक फरक पडतो. टिकाऊपणा मोजताना पाते ज्या दाढीला ओढू लागले ती दाढी नोंदवावी. आणि थर नसलेले कार्बन पाते दर वेळी लगेच वाळवून तेलाचा थेंब लावूनच ठेवावे, नाहीतर मोजणी पात्याची न होता गंजाची होते.