माकडांत मनू शोधणारे

जासई हे उरण तालुक्यातले गाव. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरात जे आंदोलन पेटले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. लोकनेते दि. बा. पाटील याच गावचे. ज्या मातीत हक्कासाठी माणसांनी रक्त सांडले, तिथे बसून माकडांवरच्या माहितीपटांबद्दल लिहिणे काहींना रिकामटेकडेपणाचे वाटेल. चळवळीपुढे प्रश्नांची कमतरता आहे काय, असे ते विचारतील. पण विषमतेचा विचार नेहमी पोथीतूनच घरात शिरतो असे नाही. कधी तो रात्री जेवणाच्या ताटासमोर, टीव्हीच्या पडद्यावरून, जंगलाच्या हिरव्यागार दृश्यातूनही शिरतो.

आमच्या भागातील विहारात रविवारच्या बैठकीत बारावीच्या एका मुलाने मला सरळ प्रश्न केला, "वकीलसाहेब, माकडांमध्येसुद्धा जन्मावरून वरचा-खालचा दर्जा ठरतो. मी पिक्चरमध्ये पाहिले. मग जात नैसर्गिक नाही असे आपण कसे म्हणतो?" मुलगा प्रामाणिक होता. हाच प्रश्न त्याला कॉलेजात मित्रांनी टाकला होता आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्याला गप्प बसवणे सोपे होते, पण गप्प बसवणे हे आपल्या परंपरेत बसत नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गंमत पाहा. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर), डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचे उघड झाले आणि देशभरातील शास्त्रज्ञांनी निषेधाचे पत्रक काढले. म्हणजे माकडाशी नाते सांगितले की सनातनी मनाला राग येतो. पण जातीच्या उतरंडीचे समर्थन करायचे झाले की तेच मन माकडाला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे करते. साक्षीदार उभा केला आहे ना? मग त्याची उलटतपासणी होऊ द्या.

त्या मुलाने पाहिलेला चित्रपट बहुधा 'मंकी किंगडम' असावा. डिस्नेनेचरने तो २०१५ साली आणला. चित्रण श्रीलंकेतील पोलोन्नरुवा या प्राचीन बौद्ध नगरीच्या अवशेषांत झाले आहे. तिथल्या टोक मकाक जातीच्या माकडांचा अभ्यास वुल्फगँग डिटस हे शास्त्रज्ञ १९६८ पासून करीत आले. चित्रपटाची नायिका माया ही खालच्या दर्जाची मादी. झाडावरची पिकलेली फळे वरच्या दर्जाच्या माद्या खातात आणि माया खाली पडलेले वेचते. कळपाच्या प्रमुख नराचे नाव ठेवले आहे राजा. यात खोटे काय? दर्जाची गोष्ट खोटी नाही. मकाक माकडांमध्ये मुलीला आईच्या खालोखाल दर्जा मिळतो, हे विज्ञानाने नोंदवलेले सत्य आहे. आपल्या गावाशेजारी दिसणारी तांबड्या तोंडाची माकडेही मकाकच. सत्य नाकारून आपली बाजू बळकट होत नाही.

पण 'राजा' हे नाव माकडांनी ठेवलेले नाही. सिंहासन, राणी, कुळ हे सगळे शब्द निवेदकाचे आहेत. पडद्यावर जे दिसते ते जंगल नसते, जंगलातून निवडून, कापून, जोडून केलेली गोष्ट असते. याच कंपनीचा 'चिंपांझी' हा २०१२ सालचा चित्रपट घ्या. त्यातील ऑस्कर नावाच्या पोरक्या पिल्लाचा कळप आयव्हरी कोस्ट देशातील ताई जंगलातला. पण चित्रपटातले काही चित्रण हजारो किलोमीटर दूर, युगांडातील एनगोगोच्या जंगलात झालेले आहे. प्रेक्षकाला मात्र सगळे एकाच रानात घडते आहे असे वाटते. कोर्टात असा जोडलेला पुरावा कोणी आणला तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारील की हे कुठले, कधीचे आणि कोणी जोडले? घरात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाने हा प्रश्न का विचारू नये?

आता मुद्द्यावर येऊ. माकडांतला दर्जा म्हणजे जात आहे काय? बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीचे खरे यंत्र त्यांनी त्यात उघडून दाखवले, ते म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती. मकाकांचा नर वयात आला की जन्माचा कळप सोडतो आणि परक्या कळपात जाऊन घर करतो. म्हणजे जातीचा जो पाया, तोच माकडांकडे नाही.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. माकडे तासन्‌तास एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरतात, उवा-किडे काढतात. खालच्या दर्जाची मादी वरच्या दर्जाच्या मादीची अशी सेवा करते आणि वरची मादी निवांत डोळे मिटून पडते. स्पर्श हेच त्यांच्या समाजाचे नाणे आहे. कोणाची सावली अंगावर पडली म्हणून आंघोळ करणारे माकड आजवर कोणत्याही कॅमेऱ्याला सापडलेले नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात डबक्यावर बलवान माकड आधी पाणी पिते, दुबळे मागून पिते, पण डबके तेच असते. आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी काय केले? दही, दूध, शेण, गोमूत्र घातलेल्या घागरी तळ्यात ओतून त्याची 'शुद्धी' केली. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती ते तळे माणसाच्या स्पर्शाने बाटले. हे निसर्गाने शिकवले म्हणणाऱ्याने एक तरी माकड दाखवावे, ज्याने दुसरे माकड पाणी प्यायले म्हणून तळे धुतले!

आणि समजा, दर्जा हा निसर्गातच आहे. म्हणून तो बदलत नाही काय? केनियातील मसाई मारा परिसरात रॉबर्ट सापोल्स्की हे शास्त्रज्ञ बबून माकडांचा अभ्यास करीत होते. १९८० च्या दशकात त्यांच्या एका कळपातील सर्वांत आक्रमक नर शेजारच्या पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर जाऊन झुंज देत आणि अन्न पळवीत. तिथल्या दूषित मांसातून क्षयरोग पसरला आणि ते दांडगे नर मेले. मागे राहिल्या माद्या आणि सौम्य स्वभावाचे नर. कळपातली मारझोड कमी झाली, जवळ बसणे आणि केस विंचरणे वाढले. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काही वर्षांत ते सौम्य नरही गेले आणि बाहेरच्या कळपांतून नवे नर आले. पण ते नवे नरसुद्धा या कळपाची रीत शिकले. २००४ साली सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे प्रसिद्ध केले आणि २००८ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या माहितीपटात ते जगाने पाहिले. दांडगाई रक्तात असती तर हे घडले नसते. बबूनसारख्या भांडखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याचा समाज एका पिढीत बदलतो आणि बदललेला टिकतो. मग दोन हजार वर्षांची रीत बदलणार नाही, असे माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

२००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स डी वाल यांनी केलेला प्रयोगही आपल्या मुलांना दाखवण्यासारखा आहे. दोन कॅपुचिन माकडांना एकाच कामाबद्दल बक्षीस द्यायचे. दोघींना काकडी दिली तर दोघी खूश. पण एकीला द्राक्ष आणि दुसरीला काकडीच दिली, की काकडीवाली काम नाकारते किंवा काकडी घेत नाही. डी वाल यांनी नंतर दाखवलेल्या चित्रफितीत ती काकडी चक्क फेकून मारते. या प्रयोगाच्या अर्थावर शास्त्रज्ञांत पुढे वाद झाले, तो विज्ञानाचा धर्मच आहे. पण एवढे दिसते की असमान वाटपाचा राग हा कोणा चिथावणीखोराने बाहेरून आणलेला नाही. आमच्या वस्त्यांतून समान वेतन मागणाऱ्याला 'भडकवलेला' म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत जरूर पाहावी.

याच डी वाल यांच्या पुस्तकांतून 'अल्फा नर' हा शब्द जगभर गेला आणि आज आमच्या पोरांच्या मोबाईलवर येऊन पोचला. दंड फुगवायचे, बायकांवर गुरगुरायचे, म्हणजे अल्फा! मार्च २०२४ मध्ये निधन होईपर्यंत डी वाल सांगत राहिले की चांगला अल्फा चिंपांझी भांडणे सोडवतो, दुबळ्याची बाजू घेतो आणि पराभूताला धीर देतो. हा भाग मात्र मोबाईलवर कोणी पाठवत नाही.

तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच निकाली काढला होता. वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण वाद घेऊन येतात की ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. बुद्ध त्यांना गवत, झाडे, किडे, चार पायांचे प्राणी, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणे देतात. त्यांच्यात जन्मजात वेगवेगळ्या खुणा आहेत म्हणून त्यांच्या जाती वेगळ्या. माणसांत डोके, कान, डोळे, हात, पाय कशातच अशी वेगळी खूण नाही. माणसांतला भेद केवळ नावाचा. माकड आणि चिंपांझी या दोन जाती आहेत, ब्राह्मण आणि महार या नाहीत. त्या बारावीच्या मुलाला मी हेच उत्तर दिले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' मध्ये बाबासाहेबांनी वंशशुद्धीच्या नावाने केलेले जातीचे समर्थन खोडून काढले, त्याची मुळे इथे आहेत.

माणसाला माकडांच्या पंक्तीत बसवण्याचा खेळ पश्चिमेनेही खेळला आहे. १९०६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोच्या तरुणाला माकडांच्या विभागात, ओरांगउटानच्या सोबत, लोकांना दाखवण्यासाठी ठेवले होते. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आवाज उठवला तेव्हा तो तमाशा थांबला. ओटा बेंगाने मार्च १९१६ मध्ये आत्महत्या केली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्याच न्यूयॉर्क शहरात बाबासाहेबांनी आपला निबंध वाचला. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने माफी मागितली ती २०२० साली. प्राण्यांकडे कोणाच्या नजरेतून पाहायचे हा प्रश्न म्हणूनच साधा नाही.

आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण राहते? उरण तालुक्यातच घारापुरी बेट आहे. १९८७ पासून ते जागतिक वारसा. तिथे प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. पर्यटक बोटीतून उतरतात, लेणी पाहतात आणि माकडांचे फोटो काढतात. त्या माकडांच्या पलीकडे शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वस्त्या आहेत. समोर मुंबई झगमगत असताना त्या वस्त्यांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली २०१८ साली. बेटावरच्या माकडांची छायाचित्रे जगभर गेली, अंधारातल्या माणसांची गेली नाहीत.

कायद्याचेही तसेच. केंद्र सरकारने १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने एन. आर. नायर खटल्यात ती वैध ठरवली. बंदी योग्यच आहे. मुक्या जीवाला मारून नाचवणे धम्मात बसत नाही. पण गळ्यात डमरू अडकवून पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरलेल्या माकडवाल्या आणि दरवेशी कुटुंबांच्या पोटाचे काय, त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय, हा प्रश्न त्याच हिरिरीने कोणी कोर्टात नेला? करुणा माकडापाशी सुरू व्हावी, पण भटक्या-विमुक्तांच्या पालापाशी येऊन ती थांबता कामा नये.

माहितीपट पाहू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी गेलेल्या जेन गुडॉल यांनी चिंपांझी हत्यार बनवतो हे १९६० साली पाहिले आणि माणसाचा एक मोठा गर्व उतरवला. असे चित्रपट विहारात लावा. सांची आणि अजिंठ्याला महाकपी जातक कोरले-रंगवलेले आहे. त्यातला कपिराज कळपाला वाचवण्यासाठी स्वतःच्या देहाचा पूल करतो. ते चित्रही मुलांना दाखवा. मात्र प्रत्येक चित्रपटानंतर दिवा लावून तीन प्रश्न विचारा. हे कोणी दाखवले? निवेदकाने कोणते शब्द आपल्या पदरचे घातले? या जंगलात राहणारी माणसे कुठे गेली?

१९८४ साली जासईच्या शेतकऱ्यांना कोणी सांगितले असते की सरकार बलवान आहे, बलवानाने घ्यायचे आणि दुबळ्याने द्यायचे हाच निसर्गनियम, तर त्यांनी ते ऐकले नसते. ते ऐकले नाही म्हणूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क उभा राहिला. आपल्या मुलांनीही ते ऐकू नये. पुढच्या रविवारी पडदा लावा, पण उलटतपासणीची तयारी ठेवून. जयभीम!