मूर्ती नसलेल्या घरातील मूर्तिपूजा

शिरूर व दौंड तालुक्यांतील प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरांत सहसा देव्हारा आढळत नाही. भिंतीवर क्रूस किंवा शास्त्रवचनाची तसबीर आणि टेबलावर बायबल एवढीच काय ती धर्माची खूण. त्यामुळे 'मूर्तिपूजा' हा आपला नव्हे, शेजाऱ्यांचा प्रश्न आहे, असा समज सहज रूढ होतो. बायबलचा रोख मात्र नेमका उलट आहे. मूर्तिपूजेविषयीचे त्यातील बहुतेक इशारे देवाला मानणाऱ्या लोकांनाच उद्देशून आहेत.

सोन्याच्या वासराचा अर्थ

निर्गमाच्या पुस्तकातील कथा याचे उत्तम उदाहरण आहे. मोशे सीनाय पर्वतावर गेला असता त्याला परतण्यास विलंब झाला. खाली वाट पाहणारे लोक धास्तावले आणि त्यांनी स्वतःच्याच दागिन्यांतून सोन्याचे वासरू घडविले. त्यांना देव नको होता असे नाही. डोळ्यांसमोर राहणारा, आपल्या ताब्यातील देव त्यांना हवा होता. मूर्तिपूजेचे मूळ धातूत वा दगडात नसून या भीतीत आणि अधीरतेत आहे.

म्हणूनच येशूने देव आणि धन या दोन धन्यांची एकाच वेळी चाकरी अशक्य ठरविली, तर प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही सत्ता, सुखोपभोग, वंश, राज्य आणि पैसा यांना देवाच्या जागी बसविणे ही मूर्तिपूजाच मानली आहे. पैसा, सत्ता किंवा राज्य ही मुळात वाईट नव्हेत. चांगली गोष्ट सर्वोच्च ठरते, तेव्हा ती मूर्ती होते.

केडगावचा धडा

हा विचार दौंड तालुक्यात प्रत्यक्ष जगला गेला आहे. केडगाव येथे 'मुक्ती' ही संस्था उभारणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे बालपण तीर्थयात्रांत गेले. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण मरण पावली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जुनी मूर्ती त्यांनी तेथे सोडली, असे म्हणून अनेकजण कथा संपवितात. खरी कसोटी मात्र त्यानंतरची होती. त्यांना आश्रय देणाऱ्या अँग्लिकन भगिनींनी चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारण्याची अपेक्षा केली, तेव्हा आपली विवेकबुद्धी कोणाही धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्यास रमाबाईंनी नकार दिला. धर्मसंस्थाही देवाची जागा घेऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते.

पुढची कसोटी पैशाची होती. बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी १८९८ मध्ये संपत आली होती. त्याच सुमारास दुष्काळग्रस्त मुलींची रीघ लागली. हमी नाही म्हणून दार बंद करणे व्यवहाराला धरून झाले असते. रमाबाईंनी दार उघडे ठेवले. १९०० च्या सुमारास आश्रितांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली होती.

आजच्या मूर्ती

आज रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे या परिसरात रोजगार आला, जमिनींना भाव आला. त्याबरोबर नव्या मूर्तीही आल्या. गुंठ्याच्या भावापायी भावाभावांतील बोलणे तुटणे, मुलांच्या गुणपत्रिकेवरून घराण्याची किंमत ठरणे, हातातील मोबाईल प्रार्थनेच्या वेळीही खाली न ठेवणे, ही त्यांचीच लक्षणे होत. मंडळीही यातून सुटलेली नाही. आपलाच पंथ खरा हा अभिमान, एखाद्या उपदेशकाचा शब्द देववचनाइतका मानणे, किंवा दशांश दिला म्हणून देवाने व्यवसायात बरकत दिलीच पाहिजे हा हिशेब, ही सर्व सोन्याच्या वासराचीच रूपे आहेत.

ती ओळखण्याची खूण साधी आहे: काय गेले तर सर्वस्व गेले असे वाटते, आणि कशासाठी मनुष्य खोटे बोलण्यास तयार होतो? लेंटच्या चाळीस दिवसांतील उपवासाचा हेतूही हाच आहे. एखादी वस्तू दूर ठेवली की तिची आपल्यावरील सत्ता कळते.

हा इशारा केवळ ख्रिस्ती मनापुरता नाही. देहूच्या तुकोबांनीही धनाच्या मोहावर आणि भक्तीच्या दिखाव्यावर तितक्याच परखडपणे प्रहार केला होता. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या अंतःकरणातील देव्हारा पाहणे, हाच त्या आज्ञेचा अर्थ होय.