भरावावरचं रायपूर

पावसाची मोठी सर नुकतीच ओसरली आहे. तेलीबांधा तलावाच्या काठच्या ओल्या फरशीवरून माणसं जपून चालताहेत. एका अंगाला जीई रोडवरचे ट्रक आणि सिटीबस पाणी उडवत जातात, दुसऱ्या अंगाला तलावाचं राखाडी पाणी. ८२ मीटर उंच खांबावरचा तिरंगा भिजून खांबाला चिकटला आहे. चहावाल्याभोवती कॉलेजची पोरं गोळा झालीत. मला इथे सोडताना ऑटोवाल्याने विचारून घेतलं होतं, “मरीन ड्राइव्ह ना, दीदी?” समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण नाव रुळलं आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

कठड्याशी उभी राहून मी खाली बघते. फरशी संपते तिथे भिंत सुरू होते आणि भिंत थेट पाण्यात उतरते. गावाकडच्या तळ्याला उतार असतो. पाणी वरखाली होतं तशी तिथे चिखलाची पट्टी तयार होते, लव्हाळं उगवतं, बगळे उभे राहतात, पाणकोंबडी पिलं घेऊन हिंडते. इथे त्या पट्टीला जागाच ठेवलेली नाही. दूर मध्यावर एक टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. भिंतीलगत थर्माकोलच्या ताटल्या, निर्माल्य, जलपर्णीचे दोन-चार गड्डे. काठ सुंदर झाला आहे, यात शंका नाही. पण तो माणसांसाठी झाला आहे.

मुंबईचा खरा मरीन ड्राइव्हही भरावाच्याच जमिनीवर आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबे भरायचं काम जोरात निघालं. बंदरातून उपसलेला गाळ आत टाकला, तो समुद्राने गिळला, खर्च फुगत गेला. खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, लोकांनी योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हटलं आणि ती अर्ध्यावर थांबली. काही दशकांनी तिथे पुन्हा भराव पडला आणि त्या नव्या टोकाला नाव मिळालं नरिमन पॉइंट. भरावातला गैरकारभार उघड करणाऱ्याचं नाव शेवटी भरावालाच मिळालं.

तलावाला लागूनच जलविहार कॉलनी आहे. गल्लीत शिरताच पाणी घोट्यापर्यंत लागतं. एका घराच्या ओट्यावर गादी वाळत घातली आहे, सोफ्याखाली विटा सरकवल्या आहेत. पदर खोचलेली एक बाई खराट्याने पाणी बाहेर लोटते आहे. ते उंबरठ्यावरून पुन्हा आत येतं.

“हर साल इही हाल हे, बहिनी,” ती मान वर न करता म्हणते.

“इतकं पाणी येतं कुठून?” मी हिंदीतून विचारते.

खराटा थांबतो. “आथे नइ. जाये के जघा नइ हे.”

येत नाही, जायला जागा नाही. यापेक्षा नेमकं निदान एखाद्या अभियंत्याच्या अहवालातही सापडायचं नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईने हेच अनुभवलं. मिठी नदीकाठची खाजणं आणि तिवरं बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं होतं. नदीचं अंग आखडलं होतं. पाऊस अफाट होता हे खरंच. पण तो पसरायचा तिथे काचेच्या इमारती होत्या, म्हणून तो कलिना-कुर्ल्यात शिरला.

ऑटो पकडून मी शास्त्री बाजारात येते. पावसाळ्यातला बाजार म्हणजे हिरव्या रंगाची जत्रा. चेच भाजी, लाल भाजी, टोपलीत मातीसकट आलेले पुटू, म्हणजे रानातली अळंबी. एका म्हातारीपुढे ढेंसाच्या, कमळाच्या देठांच्या, जुड्या रचल्या आहेत. ती अभनपूरकडच्या गावातून पहाटेच्या गाडीने आली आहे.

“दाई, हे कुठल्या तळ्यातलं?”

“हमर गाँव के तरिया के, नोनी.” मग जुडी हातात देत हसते. “इहाँ के तरिया तो इही बजार के तरी म हे.”

खरंच आहे. हा बाजार लेंडी तलावावर बसला आहे. जिथे तळं होतं तिथे आता दुसऱ्या गावच्या तळ्यातलं कमळ वजनावर विकतात.

बाजारातून थोड्या अंतरावर राजबंधा मैदान लागतं. नाव मैदानाचं असलं तरी इथेही तलाव होता. आज इथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या दाटीवाटीने उभ्या आहेत. एका कचेरीसमोर वाहनतळात साचलेल्या पाण्यातून एक वार्ताहर पँट दुमडून, चपला हातात घेऊन चालला आहे. शहरात कुठे कुठे पाणी तुंबलं त्याची बातमी तो आता आत जाऊन लिहील. त्याच्या टेबलाखाली कधीकाळी मासे होते हे बातमीत येणार नाही. रोज कोण कशाला लिहील?

छत्तीसगडात मोठ्या गावाचं मोठेपण तळ्यांवर मोजायची रीत आहे. रतनपूरबद्दल, मल्हारबद्दल माणसं अभिमानाने सांगतात, ‘छै आगर छै कोरी’ तळी. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६. रायपूरही त्याच परंपरेतलं. या शहराखाली चुनखडीचा खडक आहे. त्याच्या भेगांतून, पोकळ्यांतून पाणी खाली मुरतं आणि विहिरींना मिळतं. पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, उरलेले आठ महिने त्याच्यावर काढायचे असतात. म्हणून उतार बघून एकाखाली एक तळी खोदली. वरचं भरलं की सांडवा खालच्याला भरी. शेवटचं पाणी नाल्यांनी खारून नदीकडे जाई. या माळेतलं एक तळं बुजवलं की नुकसान एका तळ्याचं होत नाही. वरच्याचा सांडवा अडतो, खालच्याची आवक तुटते आणि मधल्या वस्तीत पाणी शिरतं. मे महिन्यात त्याच वस्तीच्या बोअरला पाणी नसतं. महापूर आणि टंचाई, दोन्ही एकाच भरावातून येतात.

दुपारी मी बुढा तालाबच्या काठी पोचते. तात्यापाऱ्यात जन्म काढलेले एक मराठी काका इथे रोज येतात. आज छत्री घेऊन आले आहेत. भोसल्यांच्या राज्यात आलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं घर. त्यांच्या मराठीला छत्तीसगढीचा हेल आहे.

“हे बघा,” ते छत्रीच्या टोकाने हवेत रेघ ओढतात. “ते इनडोअर स्टेडियम. ते मैदान. तिकडचा रस्ता. हे समदं पाणी होतं. आम्ही तिथं पोहायला शिकलो.”

हा तलाव कलचुरी राजा ब्रह्मदेवाच्या काळातला, सहाशे वर्षांचा मानतात. जुनी माणसं त्याचा विस्तार दीडशे एकर सांगतात. आज त्याच्या निम्माही दिसत नाही. मधोमध बेटावर विवेकानंदांचा ३७ फुटी पुतळा बसला आहे, कारण १८७७ ते १८७९ या काळात किशोरवयीन नरेंद्र इथेच बुढापाऱ्यात राहिला. त्याने पाहिलेलं पाणी मात्र आता पुतळ्यापुरतं उरलं आहे.

काठावरच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सुटी झाली आहे, मुलं दप्तरं डोक्यावर धरून पळताहेत. सप्रे मराठी घरातले, पण त्यांनी लेखणी हिंदीला दिली. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं आणि १९०१मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा छापली. विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला ती टोपलीभर माती उचलायला सांगते. ती त्याला पेलत नाही, तेव्हा विचारते की मग सगळ्या जमिनीचा भार जन्मभर कसा वाहशील? जमीनदार ओशाळतो. शहराला मात्र तळ्यात ओतलेली टोपली कधीच जड गेलेली नाही.

“भरलं कुणी, काका?”

“कुणी म्हणजे? शाळा पाहिजे होती, स्टेडियम पाहिजे होतं, रस्ता पाहिजे होता. चोर कुणीच नव्हता, बाई.”

गोष्ट अशीच आहे. रायपूरची तळी बिल्डरांनी कुरतडली तशीच ती सार्वजनिक, चांगल्या हेतूच्या कामांनीही खाल्ली. प्रत्येक वेळी थोडीशीच जागा लागली. बाजाराला थोडी, रस्त्याला थोडी, आणि आता उरलेल्या पाण्याची शोभा वाढवायला आणखी थोडी. फिरायची वाट, कारंजं, चौपाटी यांनाही पाय टेकायला जमीन लागते, ती पाण्यातूनच येते. मुंबईतही सागरी किनारा मार्गासाठी शंभराहून अधिक हेक्टर समुद्र भरला गेला, तो लोकांच्याच सोयीसाठी. वरळीच्या कोळ्यांना आपल्या होड्यांना वाट राहावी म्हणून पुलाच्या दोन खांबांतलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला भांडावं लागलं. त्यांनी निदान भांडून वाट मिळवली. इथे रायपुरात महाराजबंध तलावाच्या काठावर एक ढीमर, म्हणजे मासेमार, जाळं झटकतो आहे. त्यात बोटभर मासे आणि गुटख्याची पाकिटं. त्याच्यासाठी कुठल्याच आराखड्यात खांब मोजलेले नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात तळी ही समाजाची मालमत्ता म्हणून राखली पाहिजेत असा निकाल दिला. २०११मध्ये जगपालसिंग खटल्यात तळ्यांसारख्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सर्व राज्यांना बजावलं. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती तळ्याची हद्द ठरवण्याची. उन्हाळ्यात पाणी आक्रसतं तेव्हा जिथे काठ दिसतो, तिथेच आपण भिंत बांधतो आणि उरलेलं मोकळं मैदान समजतो. तळ्याची हद्द भर श्रावणात, सांडवा वाहत असताना मोजायची असते.

छत्तीसगडात जातीच्या दाखल्यासाठी घरोघरची माणसं इंग्रजी अमदानीतली मिसल, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, शोधून काढतात. आजोबा-पणजोबांचं नाव त्यात सापडलं की काम होतं. त्याच जुन्या कागदांत तळ्यांचे खसरा, म्हणजे भूमापन, क्रमांक आणि क्षेत्रफळंही नोंदलेली आहेत. रायपूरकरांनो, पुढच्या वेळी आपली मिसल काढायला जाल तेव्हा आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, तळ्याचीही काढा. आणि सुशोभीकरणाचा पहिला दगड पडण्याआधी त्या नोंदीच्या हद्दीवर खुंट्या मारून मागा.