नशा कोणती आणि औषध कोणते?

श्रोतेहो, धारूरच्या शिवारात बांधाला, उकिरड्याशेजारी धोतरा उगवतो. त्याची बी पोटात गेली की माणूस बरळू लागतो, प्रसंगी जिवावर बेतते. अशात कानावर येते की, भास घडविणारी द्रव्ये देऊन मनाचे आजार बरे करण्याचे प्रयोग चालू आहेत. मग हे औषध की नशा? जरा नीट पाहू.

काही जातींच्या भूछत्रांत सिलोसायबिन नावाचे द्रव्य असते. स्वित्झर्लंडचे आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ साली ते वेगळे काढले. खिन्नतेच्या आजारात विचार गाडीच्या चाकोरीसारखे एकाच वाटेने फिरत राहतात. या द्रव्याने ती चाकोरी काही काळ मोडते, असा तज्ज्ञांचा कयास आहे. पण नुसते द्रव्य देऊन भागत नाही. आधी तपासणी, मग पाच-सहा तास जाणकार माणसे जवळ, आणि नंतर पुन्हा बोलणे-समजावणे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठराविक मानसोपचारतज्ज्ञांना याची परवानगी दिली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे.

दुसरे केटामिन. हे शस्त्रक्रियेतले भुलीचे औषध. आपल्या देशातही वापरतात. खिन्नतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. केटामिन थोड्या मात्रेत दिले तर काहींना तासाभरांतच उतार पडतो. जीव द्यायला निघालेल्याच्या बाबतीत हे तास मोलाचे, बरं का! मात्र गुण थोडे दिवसच टिकतो, रक्तदाब चढतो, सवय लागण्याचे भय असते. म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे.

धोतऱ्याचे विष या दोहोंहून निराळे. तेव्हा धोतरा, गांजा किंवा रानातले भूछत्र घेऊन घरी प्रयोग करू नका. मात्रा, पारख आणि देखरेख यांवाचून औषध होत नाही.

पाऊस हुकला, ऊसतोडीची उचल फिटेना, घरातला गडी गप्प झाला, झोप उडाली, ‘आता जगून काय करू’ म्हणू लागला, तर त्याला भित्रा म्हणू नका. तो आजारी आहे, आणि आजही त्यावर गोळ्या आहेत, उपचार आहेत. त्याला अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालतो. गुरुजींनी तो शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.